सात इंचांचा तुकडा

अजयची एक खोड शालनबाईंना तो अर्ध्या चड्डीत होता तेव्हापासून माहीत होती, आणि आता पन्नाशी उलटली तरी ती सुटली नव्हती. स्वतःच्या हातून काही बिघडलं, की तो दुसऱ्या कुणाला तरी मोठ्या मनाने माफ करून टाकायचा. घरात कप फुटला की म्हणायचा, जाऊ दे आई, नीना अजून लहान आहे. शाळेच्या खिडकीची काच फुटली तेव्हा हा शेजारच्या पोराच्या खांद्यावर हात टाकून मास्तरणीसमोर उभा, की मिस, त्याने मुद्दाम नाही केलं. मास्तरीण विरघळली. काच कुणी फोडली ते शालनबाईंना संध्याकाळी त्याची पँट धुवायला घेताना कळलं. खिशात अजून चार दगड होते.

आता दहा दिवस झाले, तो अन्वीला माफ करत होता.

अन्वी म्हणजे नीनाची मुलगी, अजयची भाची. कार्डिफला जन्मली, तिथेच वाढली. आई तिथल्या हॉस्पिटलात नर्स. पोरीने डॉक्टरकी, वकिली सगळं बाजूला सारून हरणांची देखभाल शिकवणारा कोर्स धरला आणि त्यासाठी स्कॉटलंडला आजीच्या घरी येऊन राहिली. इथल्या डोंगरांवर आता लांडगे नाहीत. हरणं वाढत जातात, कोवळी झाडं खाऊन संपवतात, म्हणून दर हिवाळ्यात ठरलेल्या संख्येने माद्या माराव्या लागतात. गावामागच्या इस्टेटीवर हे काम डंकन नावाचा स्टॉकर, म्हणजे इस्टेटीने ठेवलेला शिकारी, बघायचा. साठीचा माणूस, गालफडं बसलेला, शब्द मोजून वापरणारा. अन्वी त्याच्या हाताखाली शिकत होती. नाताळच्या आधी त्याने एका फॉर्मवर सही करायची, की ही मुलगी रायफल घेऊन डोंगरावर जायला लायक आहे. सही झाली की नोकरी पक्की. नाही झाली, तर दोन वर्षं पाण्यात.

दहा दिवसांपूर्वी डंकनला ताप होता, म्हणून तिच्यासोबत मामा गेला. अजयही डोंगरात हिंडलेला, घरामागे बापाचं बंदूक-दुरुस्तीचं वर्कशॉप चालवणारा. त्याच्यावर भरवसा न ठेवण्याचं डंकनला काही कारण नव्हतं. आजोबांची जुनी रायफल त्याने भाचीच्या हातात दिली. दोनशे यार्डांवर तांबड्या हरणाची एक मादी आडवी उभी होती. अन्वीने श्वास धरला, नेम धरला, आणि गोळी छातीत लागायची ती खाली लागली. पुढचा पाय मोडून जनावर धुक्यात शिरलं. दुपारभर शोधलं, मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी तापातून उठून डंकन कुत्रा घेऊन गेला तेव्हा ओढ्यात पडलेलं सापडलं. अजून जिवंत होतं. त्याने ते संपवलं आणि घरी येऊन अन्वीला फक्त एवढंच सांगितलं, की तू त्याला पाहायला हवं होतंस.

तेव्हापासून पोरीचं जेवण तुटलं. आणि रोज ताटावर बसलं की मामाचं सुरू: इट्स ओके, अन्वी. होतं असं. पहिल्या हिवाळ्यात सगळेच दचकतात, ट्रिगरला झटका बसतो. कुणी तुझ्यावर रागावलेलं नाही. त्याचं बोलणं इतकं मऊ, की निवेदिता, त्याची बायको, एडिनबराहून शनिवारी आली तेव्हा म्हणाली, किती समजून घेतो हा. शालनबाईंनी डाळीत पळी जोरात आपटली. पोरगी माफीगणिक चार बोटं खचत होती, ते त्यांना दिसत होतं. कुणी चिडलं असतं तर तिला उत्तर तरी देता आलं असतं.

शालनबाईंची शाळा चौथीपर्यंत, तीही शेणी थापायच्या दिवसांत बुडवलेली. पण बंदुकीच्या नळीबद्दल त्यांना जे कळत होतं ते शिकलेल्यांना कळत नव्हतं. नवरा जयंतराव सरकारी दारूगोळ्याच्या कारखान्यात टर्नर होते. तिथून आधी बर्मिंगहॅमला आले, मग या गावात एका म्हाताऱ्या बंदूकवाल्याच्या हाताखाली, आणि तो मेल्यावर स्वतःचं वर्कशॉप घरामागे उभारलं. एडिनबराच्या गणपतीत बायका विचारायच्या, तुमचे मिस्टर काय करतात? शालनबाई ताठ मानेने सांगायच्या, शिकारीच्या बंदुका दुरुस्त करतात. समोरची बाई मोदक हातात धरून दुसरीकडे बघायला लागायची. बघू दे. त्यांच्या नवऱ्यांच्या बँका दर दोन वर्षांनी त्यांना घरी बसवत होत्या. जयंतरावांकडे माणसं दोनशे मैलांवरून यायची.

आणि त्या वर्कशॉपात लेथवर नवरा असला तर तेलाच्या चिंध्या, घासणी, पॉलिश आणि चिठ्ठ्या बायकोकडे. बंदुकांच्या लोखंडी कपाटाची किल्ली कुठे असते, ते मात्र चाळीस वर्षांत जयंतरावांनी तिला सांगितलं नाही. कायदाच तसा होता, आणि तो माणूस कायद्याच्या बाहेर बोटभर जायचा नाही. शालनबाईंना त्याचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा, त्या त्या दिवसावर होतं.

नळी कापायला येणारे खूप असायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, लांब नळी झाडीत अडकते, गाडीत बसत नाही, चार इंच काढा. जयंतराव नाही म्हणायचे नाहीत. कापण्यात पाप नाही असं त्यांचं मत. पण कापायच्या आधी विचारायचे: कुठे मारणार, काय मारणार, किती लांबून? दारू जळायला नळीत जागा लागते, ते सांगायचे. लांब नळीत ती सगळी आतच जळते आणि गोळीला शेवटपर्यंत ढकलते. नळी आखूड केली की उरलेली दारू तोंडाबाहेर जळते, म्हणजे जाळ दिसतो, आवाज वाढतो, आणि गोळी मंदावते. इंचामागे सेकंदाला साधारण तीस फूट वेग जातो. पुढचं वजन गेल्यामुळे नळी हातात हलकी लागते, झाडीत चटकन वळते. पण उघड्या डोंगरावर, धाप लागलेली असताना, तेच वजन हात स्थिर ठेवत असतं. ज्याला गर्द लागवडीत साठ-सत्तर यार्डांवर रो जातीचं शेळीएवढं हरीण मारायचं आहे, त्याने खुशाल आखूड घ्यावी. तांबड्या हरणाला पुरी ताकद लागते. किती, ते कायद्यात लिहिलंय, आणि त्यांनी खडूने वर्कशॉपच्या भिंतीवरही लिहून ठेवलं होतं: शंभर ग्रेन वजनाची गोळी २८१० फुटांच्या खाली गेली की तांबडं नाही.

त्यांची स्वतःची रायफल तीन विती लांब नळीची होती. दस्त्यावर एक छोटं कार्ड चिकटवलेलं होतं, किती यार्डांवर गोळी नेमाच्या किती वर-खाली लागते त्याचं, शालनबाईंच्या हातचं, मराठी आकड्यांत: १०० ला दोन बोटं वर, २०० ला बरोबर, २५० ला पाच बोटं खाली. गिऱ्हाइकांना वाचता येऊ नये म्हणून मराठीत, असं जयंतराव हसून सांगायचे. अन्वी सुट्टीत यायची तेव्हा मराठी आकडे त्या कार्डावरच शिकली होती.

दहाव्या दिवशी, रविवारी, दोघी स्वयंपाकघरात लसूण सोलत होत्या. अन्वी आपणहून बोलायला लागली. डंकन उद्या येणार होता, फॉर्म घेऊन. तिला वाटत होतं तो येण्याआधीच आपण सोडून द्यावं, कार्डिफला परत जावं, तिथे एका कॅफेत काम मिळत होतं.

"मी कार्ड बघितला, आजी," ती म्हणाली. "टू हंड्रेड, बरोबर. मी बरोबर नेम धरला. आय डिडन्ट फ्लिंच. पण मामा म्हणतो मी दचकली, आणि दचकलेल्या माणसाला कळत नाही. मग मला कसं माहीत असणार?"

शालनबाईंनी पुढची पाकळी सोलायला घेतली.

"आवाज खूप मोठा होता. माझा कान संध्याकाळपर्यंत वाजत होता. आणि आग. पुढे एवढा आग दिसला मला."

"जाळ?" शालनबाईंचा हात थांबला. "दिवसाउजेडी?"

"हो. अकरा वाजले होते."

चाळीस वर्षांत त्या रायफलीच्या तोंडाशी दिवसा जाळ कुणी पाहिला नव्हता. शालनबाईंनी लसणाची पाकळी खाली ठेवली आणि पोरीला विचारलं, रायफल खांद्याला लावली तेव्हा जड लागली का? अन्वी म्हणाली, नाही, उलट छान हलकी होती, मामा म्हणाला तुझ्या हाताला बरी. तिने ती रायफल त्याआधी कधी उचलली नव्हती. आजोबा होते तेव्हा ती लहान होती, फक्त कार्ड वाचायची परवानगी होती.

त्या संध्याकाळी शालनबाईंनी अजयला साध्या आवाजात सांगितलं, की बाबांची रायफल काढून दे, मोसमात एकदा मी तिला तेल लावते, यंदा राहिलंय. नेहमीचंच होतं ते. तो समोर बसायचा आणि त्या चिंधी फिरवायच्या. अजय म्हणाला, मीच लावलं आई, तुझे हात दुखतात. आईचे हात दुखतात हे त्याला त्यांच्या सत्तरीपासून कधी आठवलं नव्हतं. त्यांनी पुन्हा मागितलं, तर म्हणाला कपाटाचं कुलूप अडकतंय, मंगळवारी बघतो. आणि लगेच, "आई, तो विषय अन्वीसमोर नको काढूस. बिचारीला आठवतं."

सोमवारी सकाळी तो पार्सल टाकायला गावात गेला तेव्हा शालनबाई गाऊनवर कोट चढवून वर्कशॉपात गेल्या. बंदुका कुलपात होत्या, त्यांना हात लावायचा प्रश्नच नव्हता. त्यांना हवा होता तो वरच्या फळीवरचा शॉर्टब्रेडचा डबा.

ती जयंतरावांची रीत होती. कापलेला तुकडा फेकायचा नाही. गिऱ्हाईक सहा महिन्यांनी येऊन म्हणालं, की तुम्ही माझी बंदूक बिघडवली, तर तुकडा दाखवायचा. प्रत्येक तुकड्याला दोऱ्याने चिठ्ठी: कुणाची, कधी कापली, किती होती, किती राहिली, वेग आधी किती, नंतर किती. वेग मोजायचं यंत्र नव्हतं तेव्हा ते पंधरा मैलांवर रेंजवर जाऊन मोजून आणायचे, पण चिठ्ठी कोरी सोडायचे नाहीत. दोरा ओवायचं काम शालनबाईंचं. अजय लेथवर उभा राहायला लागला तो पहिला धडा हाच गिरवून, आणि त्याच्या हाताला तो इतका पक्का बसला होता की बाप जाऊन सहा वर्षं झाली तरी डब्यात चिठ्ठ्या वाढतच होत्या. माणूस खोटं बोलायला शिकतो, पण हात जे लहानपणी शिकले ते करत राहतात.

तुकडा वरच होता. वीतभर लांबीला बोटभर कमी. त्यावरची निळी झिलई शालनबाईंनी ओळखली. ती त्यांनीच चढवलेली होती, १९८८ च्या उन्हाळ्यात, दोन दिवस धुरात उभं राहून. चिठ्ठी इंग्रजीत होती, पण चिठ्ठीपुरतं इंग्रजी त्यांना येत होतं. डॅड्स रायफल. ९ ऑगस्ट. चोवीसचे सतरा. २९४० चे २७२५. आणि खाली, जाड पेनाने, रेघ मारून: रो ओन्ली.

म्हणजे ऑगस्टमध्ये त्याने ती स्वतःच्या सोयीसाठी कापली होती, झाडीतल्या शिकारीसाठी, जीपमध्ये सरळ उभी बसावी म्हणून. कापल्यावर रायफलीचा नेमही सत्तर यार्डांवरच बसवला असणार. कार्ड तेवढं दस्त्यावर तसंच राहिलं. दोनशेवर ते ‘बरोबर’ म्हणत होतं आणि गोळी सहा बोटं खाली जात होती. नोव्हेंबरात त्याने ती पोरीच्या हातात दिली, कारण वजनाला हलकी, डोंगर चढताना बरी. शालनबाईंनी त्याला तेवढं माफ केलं असतं. माणूस विसरतो. पण गोळी सुटल्यावर तो जाळ त्यानेही पाहिला असणार, तो आवाज त्याच्याही कानावर आदळला असणार. बंदूकवाल्याचा मुलगा, तीस वर्षं लेथवर. जनावर तीन पायांवर धुक्यात जाईपर्यंत त्याला सगळं आठवलं असणार. आणि मग त्याने भाचीकडे वळून म्हटलं, इट्स ओके.

त्या तिथल्या स्टुलावर बसल्या. थंडी होती. तुकडा कोटाच्या खिशात जड लागत होता. हे बाहेर काढलं तर काय होईल ते त्यांना माहीत होतं. तांबड्या हरणावर अपुऱ्या ताकदीची रायफल चालवली, तीही धंदा करणाऱ्या माणसाने, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवून. पोलीस येतील. लायसन्स जाईल. ज्या छपराखाली त्या बसल्या होत्या त्याला कुलूप लागेल. जयंतरावांच्या खडूचे आकडे अजून भिंतीवर होते. आणि अन्वी? तिचं काय, कार्डिफला कॅफे. कपबश्या धुवेल, आणि आयुष्यभर हेच समजून चालेल, की आपल्या हाताने एक मुकं जनावर रात्रभर ओढ्यात मरत पडलं.

दुपारी दोनला डंकन आला. शालनबाईंनी चहा केला, चिवडा काढला. त्याला चिवडा आवडायचा, जयंतरावांच्या वेळेपासून. अन्वी टेबलाच्या कडेला हात मांडीत घेऊन बसली. अजय डंकनच्या शेजारी.

डंकनने फार फिरवून सांगितलं नाही. मुलगी मेहनती आहे, चालते चांगली, वाऱ्याची जाण आहे, हे सगळं त्याने लिहिलंय. पण रायफलीचा रकाना तो भरू शकत नाही. ते हरीण त्याने पाहिलं आहे. त्याला वाईट वाटतं.

अन्वीने मान हलवली. ती रडत नव्हती, ते पाहून शालनबाईंना जास्त भीती वाटली.

आणि अजय बोलायला लागला. त्याने डंकनला इंग्रजीत समजावलं, की पोरीचं वय बघ, पहिला हिवाळा आहे, नर्व्हस होती. तिच्यासाठी मी शब्द टाकतो, पुढच्या वर्षी तिला पुन्हा संधी दे. मी तिचा मामा आहे, म्हणाला, जबाबदारी मी घेतो. डंकनच्या चेहऱ्यावर त्याच्याविषयी आदर दिसायला लागला. शालनबाईंनी खिशातून तुकडा काढला आणि चिवड्याच्या बशीशेजारी टेबलावर ठेवला. चिठ्ठी पालथी होती.

अजयचं वाक्य अर्ध्यात राहिलं.

"सांग त्याला," शालनबाई मराठीत म्हणाल्या.

"आई, आत्ता नको. प्लीज."

"आत्ताच. कागद त्याच्या हातात आहे."

अजयने चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवलं, जणू आईला चिवड्यात मीठ जास्त झालंय असं सांगतोय. "तुला कळत नाहीये. हे बाहेर गेलं तर लायसन्स जाईल. वर्कशॉप बंद. बाबांचं सगळं आयुष्य आहे त्यात, तुझंही. अन्वीला काय, दुसरं काहीतरी मिळेल. शी इज ट्वेंटी. तिला थोडे दिवस वाईट वाटेल, मग विसरेल."

"तू विसरलास?"

"मी सीझन संपल्यावर सांगणारच होतो."

"कुणाला?"

भाचीचं मराठी मोडकं आहे, म्हणून तो तिच्यासमोर बिनधास्त बोलत होता. तिचं बोलणं मोडकं होतं. ऐकणं नव्हतं. अन्वीने हात लांब करून तुकडा उचलला, चिठ्ठी उलटी केली, वाचली. मग पुन्हा वाचली.

"मामा," ती म्हणाली, "तुला माहीत होता?"

"अन्वी, लिसन—"

"तू रोज मला सांगितलास मी दचकली." तिचा आवाज चढला नव्हता. "रोज. जेवताना."

डंकन एकाकडून दुसऱ्याकडे बघत होता. शालनबाई थांबल्या. मुलाला त्यांनी आणखी एक घोटभर वेळ दिला. खरंच दिला, चहाचा कप उचलला, प्यायल्या, खाली ठेवला. अजय खिडकीबाहेर बघत राहिला. तेव्हा त्या डंकनकडे वळल्या आणि आपल्या दुकानापुरत्या इंग्रजीत, क्रियापदं जागेवर नसलेल्या पाच-सहा वाक्यांत, सगळं सांगून टाकलं. नळी लांब होती. ऑगस्टात मुलाने आखूड केली. ओन्ली रो, त्यानेच लिहिलं. कार्ड जुनं, माझ्या हातचं, लांब नळीचं. पोरीला ठाऊक नाही. तिने कार्डावर विश्वास ठेवला, ते कार्ड माझं.

डंकनने चिठ्ठी हात लांब करून वाचली, कारण चष्मा जीपमध्ये राहिला होता. त्याने अजयला एकच विचारलं, नेम किती यार्डांवर बसवलेला आहे? अजय म्हणाला, सत्तर. डंकनने चिठ्ठी हळूच खाली ठेवली.

मग तो अन्वीशी बोलला. म्हणाला, डोंगरावर जाण्याआधी रायफल कुणाचीही असो, सख्ख्या बापाची असो, कागदावर तीन गोळ्या मारून बघायच्या, हे मी तुला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. तू बघितल्या नाहीस. ते मी लिहिणार. बाकीचं तुझं नाही, ते मी लिहिणार नाही. फॉर्म त्याने घडी घालून खिशात टाकला. नवा आणतो म्हणाला, शुक्रवारी टार्गेटवर ये. अजयला त्याने उठता उठता सांगितलं, की पोलिसांना उद्या दुपारपर्यंत तू फोन कर. नाही केलास तर मी करीन, आणि मला तो करायची इच्छा नाही, तुझ्या बापासाठी. चहा अर्धा टाकून तो गेला. चिवड्याला त्याने हात लावला नव्हता.

अन्वी त्याच्यामागे बाहेर गेली. दारात बूट घालताना ती खाली बसली आणि तशीच बसून राहिली, एक बूट हातात. आजीने तिला हाक मारली नाही. दहा दिवसांचं ओझं एका दुपारी उतरत नाही, आणि मामा तिच्यापुरता गेला तो गेलाच होता. लग्नात पाठीशी उभा राहायचा तो मामा. नंतर ती उठून मागच्या रस्त्याने डोंगराच्या बाजूला चालत गेली.

स्वयंपाकघरात दोघंच उरले. अजयने तुकडा बोटांत फिरवला. कापलेलं तोंड आरशासारखं स्वच्छ होतं, कुठे कंगोरा नाही. काम उत्तमच केलं होतं त्याने.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "बाबांचं वर्कशॉप तू बंद केलंस, आई. सात इंचांसाठी. सगळे कापतात आजकाल. बाबांनी शंभर कापल्या असतील."

शालनबाईंनी चिवड्याची बशी उचलून डब्यात ओतली, झाकण लावलं. मग त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"कापलीस त्याचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "विसरलास त्याचंही नाही. तुझ्या बापाच्या हातूनही एकदा जनावर जखमी होऊन गेलं होतं, तू तेव्हा दोन वर्षांचा होतास. दोन दिवस डोंगर पालथा घातला त्यांनी, आणि मग डंकनच्या बापासमोर टोपी काढून उभे राहिले. मी गाडीत बसून बघत होते. लाज वाटली मला तेव्हा, खोटं कशाला बोलू. हात तुझे बापापेक्षाही चांगले आहेत, हे मी गावात सांगत आले, आणि उद्याही कुणी विचारलं तर सांगेन. पण दहा दिवस पोरीच्या घशाखाली घास उतरत नव्हता, आणि तू तिच्यासमोर बसून आमटी दोनदा मागून घेत होतास. मी वाढत होते. ते मला विसरता येणार नाही. तू वाईट माणूस आहेस, अजय. आजवर मी स्वतःला सांगत होते, की भित्रा आहे, वाईट नाही. तसं नाहीये. फोन आज करायचा, उद्या नाही, आणि माझ्यासमोर करायचा. मग त्या पोरीच्या मागे डोंगरावर जा आणि ती काय बोलेल ते ऐकून घे, मधे तोंड उघडू नकोस. तुझं ताट या घरात राहील, मी आई आहे, वाढीन. बोलणार मात्र नाही तुझ्याशी."